रास अल खैमाला गेलो आणि सई त्या दोघींची झाली

आम्ही तेव्हा अबुधाबीजवळ मुसफ्फाला राहायचो. यांना मशीनचा पार्ट द्यायला रास अल खैमाच्या टाइल्स फॅक्टरीत जायचं होतं. म्हणाले, "चल, सईलापण घे. किती दिवस दारं लावून बसशील?" मी लिफ्टलासुद्धा घाबरायची. तरी निघाले.

जाणार असाल तर लवकर निघा, पाणी भरपूर घ्या. शारजाला चहा प्यायलो. एक दिरहम, म्हणजे तेव्हाचे बारा-तेरा रुपये! चपाती-भाजी घरची होती. पुढे डोंगर दिसले, तांबडे, एक झाड नाही.

हे पार्ट द्यायला आत गेले. आम्ही गेस्टहाउसच्या हॉलमध्ये बसलो. तिथे दोन बायका टेबल टेनिस खेळत होत्या. चिनी इंजिनियरची बायको मेई आणि अमेरिकन मॅनेजरची बायको नॅन्सी. एकीची भाषा दुसरीला येत नाही, पण हसणं काय! मला जळायला झालं. आमच्या बिल्डिंगीत तीन मराठी बायका, एकीशी माझं असं हसणं नाही.

सई बॉल आणून द्यायला पळाली.

"सई, पडशील!"

"वेट, मम्मी!"

माझा पदर न सोडणारी पोरगी, खेळ थांबला तशी मेईच्या मांडीवर जाऊन बसली. नॅन्सीने मला बॅट दाखवली. मी नको नको केलं. सई म्हणाली, "मम्मी इज स्केअर्ड ऑफ एव्हरीथिंग."

तेवढं इंग्लिश मला कळतं. उठले, बॅट घेतली. दोन बॉल भिंतीला गेले. तिसरा जाळीला घासून पलीकडे टपकला. मी उडीच मारली, "जिंकले!"

कोणीच हसेना. नॅन्सी सईला इंग्लिशमध्ये काहीतरी समजावत होती. तेवढ्यात हे आले. सई त्यांना भराभर सांगायला लागली.

हे म्हणाले, "अगं, जाळीला लागून गेला तर तो नशिबाचा पॉइंट. हात वर करून सॉरी म्हणायचं. मेईने शिकवलंय नॅन्सीला."

जिंकून वर सॉरी? पण केला हात वर. नॅन्सी आली आणि माझ्या तळव्यावर टाळी दिली. मागून मेईनेपण. ही टाळी नॅन्सीने मेईला शिकवलेली, असं सई म्हणाली. माझ्याआधी सगळं हिला माहीत!

परतताना सई मेई आंटी, नॅन्सी आंटी करत झोपली. मी तिला माझ्या मांडीवर ओढून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, यांनी जेवायच्या टेबलावर दोरी बांधली, दोन बॅटी आणल्या. माझा बॉल दोरीला घासून गेला. मी हात वर केला. सई टेबलाला वळसा घालून धावत सुटली, टाळी द्यायला. पाय घसरत होते तिचे.

मी 'पडशील' म्हणाले नाही. हात तसाच वर धरून उभी राहिले.