वरंब्यावरची गल्ली

यावलपासून सातपुड्याच्या बाजूला आमचं गाव. स्वातंत्र्यानंतरची पाच-सात वर्षं उलटली होती, तेव्हा तालुक्याच्या कचेरीनं ठरवलं की गावोगावच्या गल्ल्या दगडानं फरसबंद करायच्या, आणि कामं त्या-त्या गावच्या टोळ्यांनाच द्यायची. अट एकच. टोळीनं आधी धुळ्याला जाऊन फरसबंदी शिकायची आणि शेवटी एक तुकडा घालून दाखवायचा. तुकडा पास झाला तर गल्ली आपली, नाहीतर ती तिथंच शिकणाऱ्या शिंदखेड्याच्या टोळीची.

आमच्या टोळीचा म्होरक्या माझा थोरला भाऊ. आम्ही सगळे केळीच्या मळ्यांत राबणारे, दगडाशी संबंध बांधावरचे धोंडे उचलण्यापुरता. पण भाऊ हट्टाला पेटला होता, आणि त्याचं कारण घरात बसलेलं होतं. विहिरीवरून चावडीकडे येणाऱ्या गल्लीत बारमाही चिखल. त्या चिखलात माझी वहिनी डोक्यावरच्या घागरीसकट पडली आणि तिचा पाय मोडला. पाय जुळला, पण भीती काही जाईना. ती उंबऱ्याबाहेर पडेचना. पाणी मी आणायचे आणि ती दारात बसून गल्लीकडे बघायची. एकदा भाऊ मला म्हणाला, ही गल्ली दुसऱ्या कुणी घातली तर मला घरात तोंड दाखवता येणार नाही.

मी तेव्हा नुकतीच सासर सोडून माहेरी आलेली. घरात बसून लोकांच्या नजरा झेलण्यापेक्षा जमीन ठोकायची धुम्मस हाणलेली बरी, म्हणून मीही टोळीबरोबर एस.टी.त चढले.

धुळ्याला शिकवायला एक म्हातारे गवंडी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. तंबाखूची गोळी गालात धरून दिवसभर टोकत राहायचे. मुरूम कसा पसरायचा, धुम्मस सरळ कशी पाडायची, दोरी कशी ताणायची, दगड ठोकल्यावर आवाज बद्द आला तर खाली पोकळी आहे हे कसं ओळखायचं, सगळं त्यांनी आमच्या हातून करून घेतलं. सांगून कमी आणि ओरडून जास्त. संध्याकाळी चुन्यानं भेगाळलेल्या हातांना तेल लावत टोळीतल्या आम्ही बायका नानांची नक्कल करायचो. इतकं हसणं त्या वर्षात माझ्या वाट्याला दुसरीकडे कुठे आलं नव्हतं. अजून कुठे ओल्या चुन्याचा वास आला की मला धुळ्याचं ते अंगण आठवतं आणि उगाच भरून येतं.

परीक्षेच्या दिवशी आमचा तुकडा सगळ्यांत देखणा झाला होता. एकही दगड हलत नव्हता, सांधे बारीक, कडा तर अशा उचलून घेतलेल्या की बघत राहावं. नानांनी मधोमध घागर ओतली. पाणी चारी बाजूंना पसरलं, कडांना टेकलं आणि तिथंच शांत उभं राहिलं. एक कावळा येऊन त्यात चोच बुडवून गेला. शिंदखेड्याची मंडळी पोट धरून हसली. आम्ही नकळत केळीचा वाफाच घातला होता.

भाऊ खाली बसला. "माह्या हाताले पानी अडवाचीच सवय हाये, नाना. जनमभर तेच केलं."

मला वाटलं, संपलं आता. नानांनी तंबाखू थुंकली, ते पाण्यात पाय घालून आले आणि भाऊसमोर उकिडवे बसले. पहिल्यांदाच ते हळू बोलले. "मंग वरंबाच कर ना. काठले नको घालू, मझार घाल. मानसे वरंबावरच चालतस ना?"

भाऊनं मान वर केली. केळीच्या मळ्यात पाणी भरताना माणूस मधल्या उंच वरंब्यावरूनच तर फिरतो, पाणी दोन्ही अंगांना असतं. पुढं त्याला काही सांगावं लागलं नाही. नानांनी एक संधी आणखी दिली. आम्ही सगळा तुकडा उखडला, मुरमाला मधोमध उंच पाठ दिली आणि पुन्हा दगड बसवले. यावेळी घागर ओतली तर पाणी दोन्हीकडे पळालं. नाना "हं" म्हणून पुढच्या टोळीकडे गेले. मी तिथंच बसून रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

उन्हाळा संपायच्या आत गल्ली घालून झाली. शेवटचा दगड बसला त्या सकाळी भाऊ घरी येऊन नुसता दाराशी उभा राहिला. वहिनी बराच वेळ उंबऱ्यात थांबली. मग माझ्या हातातली घागर घेतली आणि भिंतीचा आधार घेत विहिरीकडे गेली. येताना भरली घागर डोक्यावर, दोन्ही हात घागरीला. भाऊ तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता, त्याची नजर तिच्या पावलांवर होती. दारापर्यंत आल्यावर तिनं घागर उतरवली आणि अख्खी गल्लीत ओतून दिली. पाणी दोन्ही बाजूंच्या नाल्यांत निघून गेलं. वहिनीनं ते शेवटपर्यंत पाहिलं, रिकामी घागर कमरेवर घेतली आणि पुन्हा विहिरीकडे निघाली.