सर्व्हरवाल्या शालिनीताई

सर्व्हरला सूचना पाठवायचं शेवटचं बटण दाबण्याआधी शालिनीताई माउसवरचा हात काढून घेत आणि पलीकडच्या केंद्राला फोन लावत. कोणाचं काम सुरू असेल तर आधी ते होऊ देत, मगच बटण दाबत. गोंदियातल्या एका खासगी रुग्णालयाच्या संगणक विभागात त्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. अर्जुनी मोरगाव, देवरी, आमगाव इथे रुग्णालयाची छोटी केंद्रं होती. प्रत्येक केंद्रात रुग्णांचे अहवाल साठवणारा एक सर्व्हर होता.

मी २०१० साली लागलो, तेव्हा वीज गेली की सर्व्हर बंद पडत आणि वीज आली तरी तसेच पडून राहत. यंत्र जागं होताना सगळ्यात आधी ज्या सूचना वाचतं, त्या बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप सुरू हो' एवढंच सांगायचं असे. तेवढ्यासाठी ताई एसटीने केंद्रोकेंद्री हिंडल्या. पुढे त्यांनीच मागे लागून असं सॉफ्टवेअर आणवलं, की या सूचना गोंदियाच्या खुर्चीतून बदलता येऊ लागल्या. ते चालू झालं त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला समोसे खाऊ घातले.

एका दमात सगळ्या केंद्रांना सूचना पाठवता येतात, मग एकेक कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माणूस नाही म्हणू शकते, मशीन म्हणत नाही. म्हणून सांगणाऱ्यानंच इचार कराव लागते, बापा." अर्जुनीचा सर्व्हर जुन्या बनावटीचा होता. त्याला त्या नेहमी वेगळा ठेवत. "बुढा आहे तो. त्याले तरण्या पोराइचं औषध नोको देऊ."

त्या सॉफ्टवेअरनेच त्यांचा घात केला. नवा मॅनेजर आला. काम खुर्चीतून होतं तर ती खुर्ची नागपुरात का नको, असा त्याचा हिशेब. काम नागपूरच्या एका कंपनीकडे गेलं, मला बिलाच्या खिडकीवर बसवलं आणि ताईंना निरोप दिला. जाण्याआधी त्यांनी कंपनीच्या माणसांना सगळं शिकवलं, अर्जुनीचं पुन्हापुन्हा बजावलं. आपल्या नावाचं लॉगिन बंद करा, असंही त्या मॅनेजरला सांगून गेल्या. "हो जाएगा," तो म्हणाला. ते झालं नाही. कंपनीची माणसं त्याच लॉगिनने काम करत राहिली.

महिनाभराने कंपनीने सगळ्या केंद्रांना सारख्याच सूचना एकदम पाठवल्या. सकाळी अर्जुनीचा सर्व्हर सुरू झाला, पण त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना. एकही अहवाल उघडेना. दिवस भरत आलेल्या एका बाईला रक्ताची तपासणी पुन्हा करायला गोंदियाला पाठवावं लागलं. डिस्क जळाली, असं कंपनीने सांगून टाकलं. पण सूचना गेल्याची नोंद ताईंच्या लॉगिनवर होती, म्हणून मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम ने जाते-जाते बदला लिया."

ते लॉगिन कंपनी वापरते, हे मी तिथेच सांगितलं. त्याने मला वरखाली पाहिलं. "आप भी उन्हीं के समाज के हो क्या?"

मी नव्हतो. पण ताईंचा निकाल कशावर लागला होता, ते मला त्या प्रश्नाने कळलं.

मीच ताईंना फोन केला. त्या आल्या, कोणाकडे न बघता खुर्चीत बसल्या आणि अर्जुनीच्या सूचना उघडल्या. डिस्क वाचण्याची पद्धत नव्या यंत्रांसारखी करून ठेवली होती. अर्जुनीला फोन करून त्यांनी ती पूर्वीसारखी केली. सर्व्हर उठला, अहवाल उघडले. मॅनेजर मागे उभा होता. "देखा? जिसने बिगाड़ा, उसी को पता था."

ताई खुर्चीतून उठल्या. "मी पेशंटसाठी आली होती," एवढंच बोलून त्या निघाल्या. त्यांना थांबा म्हणणारं तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि माझ्यासाठी त्या थांबल्या नाहीत.

चार-पाच वर्षांनी त्या गोंदिया स्टेशनवर भेटल्या. अर्जुनीत मुलींना शिवणकाम शिकवत होत्या. रायपूरच्या एका कंपनीने सर्व्हरच्या कामाला बोलावलं होतं, पण त्यांनी नकार दिला होता. काऊन, असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं. त्या हसल्या नाहीत.

"नोकरी गेली, त्याचं काही नाही. लोकाइनं माह्या हाताकडं चोराच्या हातासारखं पाह्यलं. आता कम्प्युटरसमोर बसली का मलेच तो हात तसा दिसते."