समुद्रातल्या वाऱ्यावरचं व्याख्यान

आमच्या क्लबच्या सभा रामदासपेठेतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरत, महिन्यातून दोन शनिवारी. अध्यक्ष पितळी घंटा वाजवत, मग राष्ट्रगीत, मग ज्यांचे वाढदिवस असत त्यांना गुलाबाचं फूल, मग पाहुण्यांचं भाषण, आभार आणि जेवण. बरेच सभासद भाषण संपायच्या सुमाराला येत. पनीर गरम असताना यावं, असा साधा हिशेब.

मला तिथे माझ्या मैत्रिणीने नेलं. ती स्त्रीरोगतज्ज्ञ, दवाखाना त्याच भागात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आमची ओळख महाराजबागेत सकाळी फिरताना झाली आणि वाढत गेली. तिचे वडील हातमागावर नऊवारी लुगडी विणायचे, माझे वडील कापडाच्या गिरणीत होते. दोघींची लहानपणं सुताच्या वासातली. बाहेर आम्ही दोघी पुस्तकी मराठी बोलायचो, पण बागेत शिरलो की आपोआप घरच्या बोलीवर यायचो. माझे यजमान गेले त्या वर्षी मी फिरायला जाणंही सोडलं होतं. ती घरी आली आणि म्हणाली, "घरात बसून भिंती पाहून राहिली काय वं? चाल माझ्यासोबत क्लबात. चार माणसं तरी दिसतील तुले."

चार माणसं दिसली. वाईट नव्हती. डॉक्टर, वकील, गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी, एक-दोन बिल्डर. सगळे मला 'ताई' म्हणत. रक्तदान शिबिरं होत, शाळांना पाण्याच्या टाक्या दिल्या जात. उत्तर नागपुरात, माझ्या माहेरच्या भागात, वह्यावाटप असलं की मला हमखास फोन येई. "ताई, तुम्ही त्या भागातल्या. तुम्ही पुढे राहा." मी लग्नानंतर त्या भागात राहत नव्हते, पण पुढे राहायची. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आसपासच्या सभेत मी बोलायचं, हेही न ठरवता ठरून गेलं होतं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, ते मला सांगायला आवडे, म्हणून मी सांगत असे. पण एका वर्षी सूर्यग्रहण होतं आणि त्यावर बोलायला क्लबने एका निवृत्त महसूल अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी ग्रहण अमावास्येचं की पौर्णिमेचं यातच गोंधळ घातला. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेली एक बाई समोर बसली आहे, हे त्या हॉलमध्ये कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

माझी मुलगी परदेशात काम करते. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करतात, त्यांचा पाया कुठे आणि कसा घालायचा हे ठरवणाऱ्या चमूत ती आहे. मागच्या हिवाळ्यात ती सुट्टीवर आली आणि क्लबच्या कार्यक्रम समितीच्या प्रमुखांचा मला फोन आला. हे गृहस्थ कापडाचे व्यापारी, तोंडाने गोड. म्हणाले, "ताई, बेटी आली आहे म्हणे. तिचं एक व्याख्यान ठेवू. समुद्रातली पवनऊर्जा, एकदम नवा विषय."

मला फार आनंद झाला. पहिल्यांदाच क्लबला माझ्या घरातून विज्ञान हवं होतं.

मुलगी आधी नाही म्हणाली. "आई, मी सुट्टीवर आले आहे. आणि नागपूरच्या लोकांना समुद्राचं काय?"

"तेच सांग ना त्यांना. त्यांना काय, ते."

मग तीच पेटली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि कागद पसरले गेले. तिला सगळं इंग्रजीत येत होतं आणि बोलायचं होतं मराठीत, म्हणून आम्ही दोघी शब्द शोधत बसायचो. ती म्हणायची, समुद्रावर वारा जमिनीपेक्षा जोरकस आणि सलग असतो. मी म्हणायची, नुसतं जोरकस नको, वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते हे सांग, लोकांना तेवढं लक्षात राहतं. पायासाठी समुद्राच्या तळात एक अजस्र पोलादी नळा ठोकतात. त्या ठोक्यांचा आवाज पाण्यातून दूरवर जातो आणि माशांना, डॉल्फिनांना त्रास होतो, म्हणून भोवती तळाशी भोकं पाडलेले पाईप अंथरून हवा सोडतात. बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि आवाज त्यात अडतो. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाक सोडून ऐकत राहिले.

शेवटचा भाग तिने खास नागपूरसाठी केला होता. गावाबाहेर औष्णिक केंद्रांच्या चिमण्या आहेत, राखेचे बंधारे आहेत, उन्हाळ्यात ती राख उडते. वीज सगळ्या देशाची एकाच जाळ्यात फिरते, तेव्हा उद्या आपल्याही समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या तर इथला कोळसा कमी जाळावा लागेल, आणि तो कमी जाळा असं कुणीतरी मागावं लागेल. "ते मागणारे लोक तुझ्या क्लबातले असू शकतात, आई," ती म्हणाली. व्याख्यानाला तिने नाव दिलं होतं, 'समुद्रातला वारा, नागपूरची वीज'.

त्या शनिवारी हॉल भरलेला होता. एवढी गर्दी मी तिथे कधी पाहिली नव्हती. वाटलं, विषय पोचला. मग व्यासपीठामागचा फलक दिसला. मुलीचा मोठा फोटो आणि वर ठळक अक्षरांत 'झोपडीतून समुद्रापार : एका लेकीची झेप'. पवनऊर्जा हा शब्द खाली कोपऱ्यात होता, प्रायोजकाच्या नावाशेजारी.

मुलगी फलकाकडे पाहत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "कोणाची झोपडी?"

मी समिती प्रमुखांकडे गेले. "हे नाव कोणी बदललं? आमची झोपडी नव्हती हो."

"अरे ताई, ते शब्दशः घेऊ नका. लोकांना आवडतं," ते म्हणाले आणि पाहुण्यांच्या स्वागताला वळले.

आधी सत्कार झाले, मग वाढदिवसांची फुलं झाली. मग प्रमुखांनी परिचय करून दिला. शिक्षण, नोकरी एका वाक्यात उरकली आणि आवाज खाली आणून ते म्हणाले, "मित्रहो, कल्पना करा. मे महिन्याचं वादळ आहे. घरावरचे टिन उडून गेले आहेत. आई घरातली पेटी उरावर धरून बसली आहे, कारण पेटीत मुलीची पुस्तकं आहेत. त्या उडालेल्या टिनाखालची ती मुलगी आज वाऱ्यालाच वेसण घालते आहे!"

जोरात टाळ्या पडल्या.

टिन उडाले होते. पण ते माझ्या वडिलांच्या घराचे, पक्क्या विटांच्या घराचे, आणि पेटी धरून बसली होती ती माझी आई. पुस्तकं माझी होती. माझी मुलगी फ्लॅटमध्ये वाढली, तिचे वडील बँकेत होते, वादळात तिच्या घराची फार तर वीज जायची. आणि ही गोष्ट मी क्लबात कुणालाच सांगितली नव्हती. जन्मात एकाच बाहेरच्या माणसाला सांगितली होती, महाराजबागेत, बाकावर बसून. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत होती आणि मनापासून टाळ्या वाजवत होती.

मुलगी उठली. परिचयाबद्दल काही न बोलता तिने सरळ वाऱ्यापासून सुरुवात केली, आणि छान बोलत होती. आठपटीच्या जागी दोन-तीन माना हलल्या. बुडबुड्यांची भिंत ऐकून मागून एक बाई "अगं बाई" म्हणाली. तेवढ्यात तिच्यापुढे चिठ्ठी आली. वेळ कमी आहे, संघर्षाबद्दल बोलावं. तिने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि पायाच्या आकृत्यांवर गेली. दुसरी चिठ्ठी आली नाही, अध्यक्षच उठले. "फार सुंदर. पण आता प्रश्न घेऊ या, जेवण वाट पाहतंय." नागपूरसाठी केलेला भाग राहूनच गेला.

पहिला प्रश्न एका वकिलांचा. "बेटा, परदेशी शिक्षणाला सरकारी स्कॉलरशिप होती ना? म्हणजे तुमच्या कोट्यातून?"

"नाही सर. बँकेचं कर्ज होतं."

दुसरा प्रश्न एका बाईंचा. "तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा संघर्ष कोणता, ते सांग ना. आमच्या मुलांना कळू दे."

"समुद्राच्या तळाची वाळू," मुलगी म्हणाली. "ती कुठे घट्ट असते, कुठे नसते. त्याने मला खरंच फार छळलं."

लोक हसले. त्यांना वाटलं, विनयाने बोलते आहे. वाऱ्यावर एकही प्रश्न आला नाही. अध्यक्षांनी समारोपात माझ्याकडे पाहून म्हटलं, की तुमच्या समाजातल्या मुलींनी हिच्यापासून प्रेरणा घ्यावी.

तेव्हा मी उठले. मला व्यासपीठावर बोलावलं नव्हतं, मी जागेवरूनच बोलले. "टिन माझ्या वडिलांच्या घरचे उडाले होते, हिच्या नाही. हिचं लहानपण तुमच्या मुलांसारखंच गेलं. ती इंजिनिअर आहे म्हणून तुम्ही बोलावलंत असं मला वाटलं होतं. तिचं बोलणं अर्ध्यावर तोडलं आहे. ते पूर्ण होऊ द्या, पाच मिनिटं लागतील."

अध्यक्ष हसून म्हणाले, "ताई भावुक झाल्या. आई आहे शेवटी." आणि घंटा वाजवली.

जेवणाच्या रांगेत लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होते. "मनावर घेऊ नका." मुलीबरोबर फोटो काढायला मात्र गर्दी होती, मागे तोच फलक. आम्ही न जेवता निघालो. गाडीत मी म्हटलं, "बेटा, तुझा दिवस वाया घालवला यांनी."

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तिकडे तू मूळची कुठली, असं विचारत राहतात, आई. इथलं हे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले. मैत्रीण नेहमीच्या बाकापाशी उभी होती. तिनेच सुरू केलं. "काल काहून उठली वं तू? एवढा चांगला कार्यक्रम झाला."

"टिनाचं तू सांगतलं का त्यांले?"

"हो. मीच सांगतलं. खोटं आहे काय ते?"

"माझं आहे. पोट्टीचं नाही."

"एवढा काय फरक पडते? नुसतं वारा-गिरा ऐकाले कोण येते, सांग बरं? नावही मीच सुचवलं. हॉल भरला ना? मले वाटलं, तुले बरं वाटन."

तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "तुझ्या डेंटिस्ट पोराचं भाषण झालं होतं आपल्या क्लबात, दातांच्या मुळांवर. तो काय बोलला ते अजून आठवते मले, कारण त्याले पूर्ण बोलू दिलं. तुझ्या बापाचे माग आणले होते का कोणी मधात? 'मागावरून दवाखान्यापर्यंत' असा फलक लावला होता का?"

"त्याचं वेगळं आहे," ती म्हणाली.

"काय वेगळं आहे?"

तिने ओढणी नीट केली, घड्याळात पाहिलं आणि म्हणाली, पेशंट थांबले असतील. मी ती वळेपर्यंत तिथेच उभी होते. तिने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. चुकलं म्हणाली असती, माझ्यावर चिडली असती, तरी आम्ही पुढचा फेरा मारला असता.

मुलगी सुट्टी संपण्याआधीच पुण्याला आपल्या एका मैत्रिणीकडे गेली आणि तिथूनच विमानाने परत. यंदा आली नाही, मलाच तिकडे बोलावते. मी क्लबचा राजीनामा फोनवरच्या गटावर टाकला. त्याच्या खाली बऱ्याच जणांनी हात जोडलेलं चित्र टाकलं, आणि लगेच त्याखाली नेत्रतपासणी शिबिराचं निमंत्रण आलं. कारण कुणी विचारलं नाही. क्लबच्या वार्षिक अंकात त्या संध्याकाळचा फोटो छापला आहे, असं नंतर कळलं. त्याखाली 'प्रेरणादायी' असं लिहिलंय म्हणे.

मी आता आमच्या कॉलनीतल्या रस्त्यावरच फिरते. कुत्री फार आहेत, पण चालतं. एकदा बँकेत मैत्रीण भेटली. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणत होती, कुणाकडे करावं यावर आम्ही दोघी नीट बोललो. दोघीही पुस्तकी मराठीत. बाहेर आल्यावर ती एका दिशेला गेली आणि मी दुसऱ्या.

राग तेवढा उरला नाही. पण चालताना कधीकधी मी आठवत राहते, त्या बाकावर बसून आणखी काय काय सांगितलं होतं तिला. आईचं शेवटचं आजारपण सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये माझा पेला वेगळा ठेवलेला होता, ते सांगितलं होतं. यजमानांशी दोन वर्षं अबोला होता, तेही. ते सगळं तिच्याकडे आहे, आणि तिला ते अजूनही चांगल्याच मनाने कुठेतरी सांगावंसं वाटेल.