लुमिंगचे दात

फिलिपिन्समधल्या पनाय बेटाच्या त्या किनाऱ्यावर लुमिंगच्या दातांचं कौतुक होतं. साठी उलटली तरी एक दात हलला नव्हता. जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाची पट्टी गुंडाळायची, दातांत धरायची आणि कचकन दाबायची. वादळात जाळं फाटेल, पण तिनं बसवलेलं शिसं सुटणार नाही. बाकीच्या बायका पकड घेऊन बसत. लुमिंग त्यांना हसायची, "लोखंडाला काय कळतं, दोराला किती दुखतं ते?"

तिचा दुसरा अभिमान घरातला होता. बांगुस मासा चवीला गोड, पण अंगभर काटे. ती घास आधी स्वतः चावायची, काटे जिभेनं वेचायची आणि मऊ झालेला घास पोराच्या तोंडात घालायची. मुलगा रोहेलियो असाच वाढला. आता त्याची तीन वर्षांची लेक नेनिंग वाढत होती.

वाढत होती म्हणायचं, इतकंच. वर्षापूर्वी पोर चिमणीसारखी बोलायची. आता एकेक शब्द गळत चालला होता. पोट धरून कण्हायची, भिंतीला टेकून नुसती बसायची. महिन्यापूर्वी दवाखान्यातल्या नर्सनं तिचं रक्त तपासायला पाठवलं होतं. त्या दुपारी नर्स कागद घेऊन स्वतःच घरी आली, तेव्हाच सून रोसेंदाचा चेहरा उतरला.

"हिच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे," नर्स म्हणाली.

"जाळ्याच्या पट्ट्यांसाठी शिसं मी वितळवतो, मिस, पण पार माडांपलीकडे," रोहेलियो घाईनं म्हणाला. "त्या कढईला पोरीचा हातही लागत नाही."

नर्सनं ती कढई पाहिली, पाण्याचा माठ पाहिला, पोरीची खेळणी उलटसुलट करून पाहिली. कुंपणावरून शेजारची पासिंग ओरडली, "शाळेच्या भिंतीचा रंग चाटत असेल!"

"ती शाळेत जातच नाही, तिया. तुमची जीभच तेवढी गावभर हिंडते," रोसेंदा म्हणाली आणि रडायलाच लागली. "मिस, गेलेले शब्द परत येतील ना?"

"आधी शिसं पोटात जायचं थांबू दे. मग बघू. पण ते येतं कुठून, ते कळायला हवं."

लुमिंग चुलीपाशी बसली होती. नेनिंगचं जेवण राहिलं होतं, म्हणून बांगुसचा घास तिच्या तोंडात चावून तयार होता. पोर तिच्या गुडघ्याला बिलगून 'आ' करून उभी होती.

नर्सनं पोरीला जवळ ओढून तिचा ओठ वर केला. "कधी कधी हिरडीवर निळसर रेघ येते. हिला नाही. मोठ्या माणसांनाच जास्त येते, वर्षानुवर्षं शिसं पोटात गेलं की."

लुमिंगची जीभ जागच्या जागी थिजली. दात घासताना आरशाच्या तुकड्यात स्वतःच्या हिरडीवर तशीच रेघ ती कित्येक वर्षं पाहत आली होती. व्हिनेगरनं आली असेल, वयानं आली असेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. सकाळीच तिनं चाळीस पट्ट्या दाबल्या होत्या. वर तोंडही धुतलं नव्हतं.

नेनिंग पुन्हा तिच्याकडे आली आणि 'आ' करून उभी राहिली.

"द्या ना, नानाय," रोसेंदा डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या हातूनच खाते ती."

लुमिंगला घास गिळवेना, देववेना. एवढ्या आयुष्यात तिनं अन्न कधी टाकलं नव्हतं. ती उठली, दाराशी गेली आणि घास मातीत थुंकली. मग नर्ससमोर येऊन तिनं स्वतःच्याच बोटानं आपला ओठ वर केला.

"ही बघा, मिस," ती म्हणाली. "तिला मीच भरवते. या तोंडातून."

रोहेलियोनं मान खाली घातली. रोसेंदानं लेकीला हळूच आपल्याकडे ओढलं, आणि ते ओढणं लुमिंगनं पाहिलं.

"काटे बोटांनी काढ, इंदाय," ती सुनेला म्हणाली. "उजेडाकडे धरून काढ. शेपटीकडचे बारीक असतात, ते दिसत नाहीत, हाताला लागतात."

रोसेंदा बसली. एकेक काटा काढायला तिला फार वेळ लागला. नेनिंगला दम निघत नव्हता. आईच्या मांडीवरून ती मान वळवून आजीकडे पाहत राहिली, तोंड उघडं ठेवून. लुमिंगनं ओठ घट्ट मिटून घेतले.