आंजीच्या पोळ्यातला मासा

आंजीच्या पोळ्यात गळाला मोठा मासा एकदाच लागला, आणि तो आमच्या भासऱ्यांचा बैल होता.

भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. पण त्यांच्याकडे नंतर येते, कारण ते आले की दुसऱ्या कुणाला बोलू देत नाहीत.

मी मूळची रत्नागिरीकडची. माझे मामा वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनिंगात मुकादम होते. त्यांनी तिथल्याच फिटरचं स्थळ आणलं आणि मी समुद्राच्या काठावरून उचलली गेले ती थेट वर्ध्याजवळच्या नालवाडीत येऊन पडले. माणसं चांगली होती. नवरा तर त्याहून चांगला. पण मला समुद्र हवा होता, त्याला काय करू? दुपारी जरा डोळे मिटले की लाटांचा आवाज कानात येई, आणि उघडले की शेजारीण सुपात तूर पाखडत असे. मी मिठाची बरणी उघडून वास घेत बसे (मिठाला वास नसतो, हे मला तेव्हाही माहीत होतं). माझी समजूत काढायला यांनी मला एकदा धाम नदीवर नेलं. "पाह्य, किती पानी हाये," हे छाती फुगवून म्हणाले. पाण्यात म्हशी उभ्या होत्या आणि त्यांचे गुडघेही भिजले नव्हते. मला तिथेच रडू कोसळलं, तर यांनी घरी येऊन सांगितलं, "नदी पाहून लय खूश झाली. रडलीच."

लग्नानंतर मी माहेरी गेलेच नव्हते. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिनिंग धडधडत असे, तेव्हा फिटरला सुट्टी कुठली? पावसाळ्यात जिनिंग बंद, तर आंजीहून, म्हणजे यांच्या मूळ गावाहून, भासऱ्यांचं बोलावणं यायचं, डवरणीला, पिकातलं तण काढायला, माणूस हवा म्हणून. बाई एकटी एवढ्या लांब जात नसे. वर्षं अशीच चालली होती.

आणि मग मामा कोकणातून परतले ते माझ्या दादाने दिलेलं एक गाठोडं घेऊन. दादा एका लाँचवर तांडेल होता. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाने त्याला आपलं खोल समुद्रात मासे गरवायचं रीळ देऊन टाकलं होतं. चांगलं नारळाएवढं, पितळी, बाजूला फिरवायची मूठ. मुठीपाशी चांदणीच्या आकाराचं एक चाक. ते आवळलं की आतल्या चामडी चकत्या दाबल्या जाऊन रिळाला ब्रेक लागे. दादाचा निरोप असा: सुरमईला हे ठीक आहे, पण मुशीसारखा दांडगा मासा लागला की चकत्या जळतात, रीळ भसाभसा सुटतं आणि दोरी सगळी जाते. भावोजी एवढे मोठे फिटर, तर त्यांनी ते बळकट करून द्यावं. नारळी पौर्णिमा झाली आहे, समुद्र उघडलाय, लवकर करा.

यांनी रीळ हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "पोष्टानं नाई पाठवाचं. तयार झालं का आपण सोता नेऊन देऊ. दसऱ्याच्या आत."

मी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि कुणी काही बोललं तरी हसत राहिले.

आता रिळावर यांच्यापेक्षा माझाच जीव टांगलेला. यांनी ते परातीत सुटं केलं तर मी त्या परातीवर तागाचं फडकं झाकून राखण करत बसे, आणि कणीक ताटात मळे. छोटी मूठ काढून तिथे सासूबाईंच्या चरख्याची मूठ बसवली (गावात सगळ्यांनी घेतला तेव्हा त्यांनीही चरखा घेतला होता, आता त्यावर लसणाच्या जुड्या टांगत). दोरीसाठी यांनी उत्तम कापूस निवडून सूत कातवून घेतलं, पीळ घातला, मेण चोळलं. आणि चकत्यांसाठी यांनी जी अक्कल लढवली तिचं वर्ध्यात कौतुकच झालं असतं. जिनिंगच्या यंत्रात चामड्याच्या चकत्यांचा रोलर असतो. तो कापसाचा तंतू असा धरतो की सरकी मागे राहते पण तंतू सुटत नाही. अशाच एका टाकून दिलेल्या रोलरच्या चकत्या यांनी कापून, तासून रिळात बसवल्या.

"आता सुटून दाखवावं माशानं," हे म्हणाले.

मी चांदणी आवळून दोरी ओढून पाहिली. जागची हलेना. मला तर धन्य धन्य वाटलं. सुटणं हाच तर रिळाचा आजार होता!

राहिली परीक्षा. धामेतल्या बोटभर माशांवर काय परीक्षा होणार? तेव्हा यांनी मला विचारलं, मुशीत दम किती असतो. आता मी समुद्राच्या गावची. आमच्याकडे बायका होडीत चढत नसत, जे काय पाहिलं ते किनाऱ्यावर उभं राहून. पण चारचौघांत मान कशी खाली घालायची? मी ठसक्यात सांगून टाकलं, "बैलाएवढा."

यांचे डोळे चमकले तेव्हाच मी जीभ चावायला हवी होती.

पोळ्याला आम्ही सासूबाईंना घेऊन आंजीला गेलो. वर्षभर राबणाऱ्या बैलाचा हा मानाचा दिवस. आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला तूपहळद चोळून, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं त्याला रीतसर बोलावणं करायचं. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, चाबूक दाखवायचा नाही, साधी दोरी ओढायला लावली तरी गावात तोंड दाखवायला जागा नाही. भासऱ्यांनी आपल्या चांद्या बैलाला धुऊन, शिंगांना बेगड लावून, जाऊबाईंनी आरसे टाकून शिवलेली झूल घालून तोरणाखाली उभं केलं होतं. बाकीच्या दिवशी चांद्या शेतावर. मोकळा तो आजच मिळणार, हे यांचं गणित.

काठी तर दादाने पाठवलीच नव्हती. म्हणून यांनी रीळ घरच्या बाजेच्या पायाला बोल्टाने घट्ट बसवलं आणि बाज वेशीजवळ आणून ठेवली. वजन हवं म्हणून सासूबाईंना पोळा पाहायला तिच्यावर बसवलं. त्या नऊवारी सावरून, पानाचा विडा लावून आरामात बसल्या. इकडे मंडळी झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणण्यात गुंग. यांनी जाऊन गळ हळूच झुलीत अडकवला. मी यांना म्हटलं, जुंपल्यासारखं नाही ना होणार? हे म्हणाले, "जू कुठी हाये? दोरी त हाये. आन् चांद्या मासा हाये सध्या."

तोरण तुटलं. बैल उधळले. चांद्याही निघाला. दोरी ताठ झाली. यांनी चांदणी पूर्ण आवळून मूठ धरली आणि रिळाने एक तसूभरही दोरी सोडली नाही.

सोडलं ते बाजेने जागेला.

पावसाचा चिखल लोण्यासारखा, त्यावर बाज अशी सुटली की हे मुठीसकट काही अंतर गेले आणि मग नुसते चिखलात राहिले. सासूबाई मात्र बाजेवरच. मी मागे धावतेय, गाव मागे धावतंय, आणि त्या दोन्ही हातांनी बाज धरून, "माय माय, थांब रे चांद्या, पान सांडलं," असं ओरडताहेत.

चांद्या थांबला, पण रीतीप्रमाणे. पोळा फुटला की बैल घरोघरी जातो, बाया ओवाळतात, पुरणपोळी चारतात. चांद्याला ठरलेली घरं पाठ होती. पहिल्या दारात तो उभा राहिला, ओवाळून घेतलं, पोळी खाल्ली. मागे बाजेवर सासूबाई. आता दारात आलेल्या म्हातारीला कसं टाळणार? त्या बाईने त्यांनाही कुंकू लावलं आणि हातावर पोळी ठेवली. मी धापा टाकत पोचले तोवर बाज पुढच्या दारी. मी म्हटलं, उतरा आता. तर मला म्हणतात, "थांब वं. पाटलाचं घर राह्यलं."

भासरे मात्र वाड्याच्या दारात उभे होते. त्यांनी झुलीला पडलेलं भोक पाहिलं, दोरी पाहिली, आणि आवाज न चढवता विचारलं, "पोळ्याच्या दिवशी बैल जुंपला तुनं?"

"जुंपला नाई. मासा समजून पाह्यला," हे म्हणाले. चिखलातून नुसते डोळे दिसत होते.

भासऱ्यांनी निकाल तिथल्या तिथे दिला. बैलाच्या सुट्टीच्या दिवशी त्याला कामाला लावलं, तर त्याच्या बदल्यात याने दसऱ्यापर्यंत शेतात राबायचं. दसरा झाला की जिनिंगची तयारी, पुढे हंगाम. म्हणजे माझा समुद्र गेला. मी माजघरात जाऊन पदर तोंडावर घेतला आणि पोटभर रडले. आईचा चेहरा आता नीट आठवतही नव्हता, तेच फार लागलं.

रिळाची वाट पाहून कंटाळलेला दादा शेवटी स्वतःच आंजीला आला. त्याच्या सदऱ्याला तोच वास होता, खारा. मी सदऱ्याला नाक लावून उभी राहिले तशी जाऊबाई हसल्या, पण मला पर्वा नव्हती. दादाने रीळ पाहिलं, दोरी ओढली आणि कपाळावर हात मारला.

"अगो, हे सुटायलाच हवं! मोठा मासा ओढील तेव्हा दोरी द्यायची. जरा धरायची, जरा सोडायची. तो दमला की आपसूक येतो. नुसतं आवळून धरलंस तर दोरी तरी तुटेल नाहीतर होडी तरी जाईल."

"बाज गेली," हे खाली मान घालून म्हणाले.

दादाने चकत्यांना तेल लावलं, चांदणी बेताची ठेवली. आता ओढलं की रीळ कुरकुरत थोडं सुटे आणि पुन्हा धरी. चकत्या होत्या मात्र नामी, अजिबात तापत नव्हत्या. सासूबाई बाजेवर बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी दोन-तीनदा दोरी स्वतः ओढून पाहिली. मग भासऱ्यांना हाक मारली.

"डवरणीले दुसरा मानूस पाह्य. हे दोघं जाऊन राह्यले कोकनात."

भासरे काही बोलणार, तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या. "आमी लय आवळून धरलं वं तुले. जाय. मायले भेट. पण येजो."

मी त्यांच्या पाया पडले आणि उठताना त्यांच्याच पदराला डोळे पुसले.

आगगाडी, मग एस.टी., मग घाट, आणि मग एका वळणावर तो दिसला. हे खिडकीतून पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "धाम लहान हाये जराशी." आई दारातच उभी होती. तिचा चेहरा मला सगळा आठवत होता.

दुसऱ्या दिवशी दादाने रीळ होडीत घेतलं. मी हट्टाने चढले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरले त्याच्या मध्यावर जाऊन बसायचं होतं मला. वर्ध्याचे हे, ज्यांना पोहता येत नाही, ते चरख्याची मूठ फिरवत लहान मुलासारखे खुलले होते. मुशी लागली. रिळाने दोरी दिली, धरली, पुन्हा दिली. दादा वाहवा करत होता.

मी मात्र काहीच पाहिलं नाही. समुद्राकाठची लेक, बैलाएवढ्या माशांच्या गोष्टी सांगणारी, होडीच्या तळाशी आडवी पडून सकाळपासूनचं सगळं बाहेर काढत होते.

"घरी न्या मला," मी कशीबशी म्हणाले.

हे मूठ न सोडता वाकले. "कोन्त्या घरी वं? आईकडे?"

"नाई," मी म्हटलं. "आंजीले."