दोन घड्या घातलेला कागद

झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी कसल्याशा तपासणीचा रिपोर्ट छापून घेतला. कागद हातात येताच त्यांनी तो उलटा धरला, दोन घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. रांगेतल्या कुणाला एक अक्षरही दिसलं नाही. पण त्यांनी मोबाइलवरून पाठवलेली फाइल दुकानाच्या स्क्रीनवर तशीच होती, पूर्ण नावासकट. तिच्याखाली आणखी सतरा नावं मी मोजली. त्यांतलं नववं माझं होतं, मागच्या आठवड्यात छापलेलं आधार कार्ड.

"माझी फाइल काढून टाका," मी दुकानदाराला म्हटलं.

"काका, इथे कोण बघतंय?"

"मी बघतोय ना! सतरा नावं वाचून झाली."

तो हसला. रांगही हसली.

दिवे लागले की आपण खिडकीचा पडदा ओढतो. आत काही वाईट चाललेलं नसतं. ताटं वाढलेली असतात, कुणी गुडघ्याला तेल चोळत बसलेलं असतं. तरी पडदा ओढायला आपण कुणाला कारण देत नाही. फाइल पाठवताना मात्र पडद्याची दोरी दुसऱ्याच्या हातात देऊन आपण खुशाल घरी जातो.

त्याने माझी फाइल पुसली.

"रिसायकल बिनमधूनही," मी म्हटलं. "आणि चॅटमधूनही."

"काका, तुम्ही फार पक्के!"

पायरी उतरलेल्या बाई तेवढ्यात परत आल्या. हळूच म्हणाल्या, "दादा, माझीपण काढा."

मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.