दोन बोटांची जोडवी

आमच्या गावच्या सोनाराकडे दोन बोटांवर मिळून बसतील अशी रुंद जोडवी कायम तयार असतात. नेवासा तालुक्यात दुसरीकडे मागितली, तर सोनार आधी आपल्या तोंडाकडे बघतो, मग पायाकडे. आमच्याकडे बऱ्याच घरांत पायाची दोन बोटं जन्मतःच जुळलेली असतात. माझीही आहेत. मामाची पोर करायची रीत, त्यामुळे ही बोटं गावाबाहेर फारशी गेलीच नाहीत.

मी इथली अंगणवाडी सेविका. मागच्या वर्षी मुलांच्या जन्मजात व्यंगांचा फॉर्म आला, तेव्हा मी ठसठशीत अक्षरात ‘निरंक’ लिहून मोकळी झाले. ओढ्यापलीकडच्या गावाने मात्र पाच नावं दिली, सगळी बोटं जुळलेल्या पोरांची.

सेविकांच्या बैठकीत डॉक्टरबाई म्हणाल्या, “एवढ्याशा अंतरात इतका फरक? पाण्यात काही आहे का?” झालं, सगळ्या जणी बोअरच्या पाण्यावर तुटून पडल्या. मीही मान डोलावली.

“तपासणी आणि ऑपरेशन, दोन्ही यादीतल्यांचंच होईल,” असं म्हणून बाई नावं वाचू लागल्या. पाचही पोरं आमच्याच गावच्या लेकींची. लग्नात या लेकींना सासरची जोडवी बसेनात, तेव्हापासून तिकडे बोभाटा होता.

आमच्या शेजारच्या दीड वर्षाच्या पोरीची हाताचीही बोटं जुळलेली. तिला चमचा धड धरता येत नव्हता. तिच्या आईने मला दोनदा विचारलं होतं, “ताई, हिच्या हाताचं काय हुईल का?” आणि मी म्हणाले होते, “आपल्याकडं असतंच की गं.” मला फार लाज वाटली.

उठले, चप्पल काढली आणि सगळ्यांसमोर पाय पुढे केला. “पाणी चांगलं आहे बाई. निरंक मीच लिहिलंय.”

बाई पायाकडे बघत राहिल्या आणि मग पोट धरून हसल्या. “हे रक्तातलं आहे. पायाचं राहू द्या, पण हाताची बोटं सोडवायला हवीत. दोन दिवसांत नवी यादी आणा.”

दारोदार फिरले आणि भरपूर बोलणी खाल्ली. एक आजोबा ओट्यावर पाय पसरून म्हणाले, “कसलं व्यंग? आमचं पाय लई बेस हायेत. तुमी तुमचं बगा.” म्हटलं, माझंच बघून आलेय. यादीत पहिलं नाव शेजारच्या पोरीचं घातलं.

हिवाळ्यात तिचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर काही दिवसांनी आई तिला अंगणवाडीत घेऊन आली. मी सतरंजीवर बसले होते. पोरीने माझ्या टोपलीतले फुटाणे एकेक उचलून खाल्ले. मग ती माझ्या पायाशी बसली आणि दोन्ही हातांनी माझी जुळलेली बोटं सोडवायला लागली. सुटेनात तशी रडकुंडीला आली.

“राहू दी बाळा,” तिची आई माझ्याकडे बघत हसून म्हणाली, “आपल्याकडं असतंच ते.”